डीएसएलआरच्या लेन्स रेंजफाइंडरवर लावल्यात का कोणी?

काळीपांढरी

मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटेल पण विचारूनच टाकतो. माझ्याकडे लायका एम६ आहे, फिल्मवाला रेंजफाइंडर (आत आरसा नाही, बाजूच्या खिडकीतून बघून फोकस करायचा), लेन्स एकच, ३५ मिमीची. आणि कपाटात जुन्या निकॉन डीएसएलआरच्या चार लेन्स नुसत्या पडून आहेत: २४ एफ २.८ एआय-एस, ५० एफ १.८ डी, ८५ एफ १.८ डी आणि ती ३५ एफ १.८ जी डीएक्सवाली. म्हटलं नवीन लेन्स कशाला, निकॉन एफ ते एम असा अ‍ॅडॉप्टर आणला, लेन्स खटकन बसली, मी खूश. मग व्ह्यूफाइंडरमधून बघतो तर फोकस रिंग कितीही फिरवा, मधला पॅच (दोन प्रतिमा जुळवून फोकस लावायचा तो चौकोन) हलायलाच तयार नाही. तरी रेटून एक रोल काढला, लेन्सवरच्या स्केलवर अंतर लावून. २४ चे फोटो बरे आलेत. ५० चे मात्र बोंबलले, तिघं मित्र भिंतीला टेकून उभे होते, एफ २ (म्हणजे लेन्सचं भोक जवळजवळ पूर्ण उघडं), दोन मीटर टेपने मोजून घेतलं होतं हो, तरी तिघांचे चेहरे मऊ आणि मागच्या भिंतीचा गिलावा असा की कणन्कण मोजून घ्यावा. जी लेन्सवर तर सगळ्या फ्रेम काळ्याकुट्ट. माझं काय चुकतंय? अ‍ॅडॉप्टर खराब आहे की मुळात हे होतच नाही?

काचवेडा

होतं, पण अर्धंच होतं. बसायला काहीच अडचण नाही. एम माउंटचं फ्लँज अंतर (लेन्स बसते तिथपासून फिल्मपर्यंतचं) २७.८ मिमी, निकॉन एफचं ४६.५, मधल्या १८.७ मिमीत अ‍ॅडॉप्टर आरामात मावतो. कॅनन ईएफ ४४, जुना स्क्रूवाला एम४२ ४५.४६, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्याची जवळपास कुठलीही लेन्स एमवर चढते. उलटं मात्र होत नाही, एमची लेन्स डीएसएलआरवर लावलीत तर फक्त नाकासमोरचं दिसेल, अनंत विसरा.

पॅच का हलत नाही ते सांगतो. लेन्स काढून बॉडीत डोकावा, वरच्या बाजूला एक छोटं चाक दिसेल, तो रोलर. एमच्या लेन्सला मागे एक कॅम असतो, रिंग फिरवली की तो कॅम रोलरला ढकलतो आणि पॅच सरकतो. निकॉनच्या लेन्सला हा कॅम असणार कुठून, तिथे फोकस आरशातून डोळ्याने बघायचा होता. अ‍ॅडॉप्टर म्हणजे नुसती धातूची कडी, तिलाही कॅम नाही, त्यामुळे रोलर लोंबकळत बसतो. अ‍ॅडॉप्टर बदलून हे सुटणार नाही.

जीचं सोपंय. तिला अ‍ॅपर्चर रिंगच नाही, बॉडीतला लिव्हर जोवर उघडत नाही तोवर ती पूर्ण मिटलेली असते, एफ २२ वर. काळ्या फ्रेम त्याच्याच. लिव्हर हलवणारी रिंग असलेले अ‍ॅडॉप्टर मिळतात पण ही लेन्स डीएक्स, म्हणजे लहान सेन्सरसाठीची, फुल फ्रेमवर कोपरे काळवंडणार. सोडा नाद.

मिमीमास्तर

काचवेडांशी सहमत, पण ५० चं कोडं कॅमने सुटत नाही ना, त्यांनी टेपने मोजलं होतं. मला अ‍ॅडॉप्टरच्या जाडीवर संशय आहे. स्वस्तातले बरेच अ‍ॅडॉप्टर मुद्दाम केसभर पातळ करतात, म्हणजे अनंत नक्की मिळतं आणि गिऱ्हाईक ओरडत नाही. लाइव्ह व्ह्यूवाल्याला त्याने फरक पडत नाही, त्याला पडद्यावर दिसतंच. फिल्मवाला मात्र स्केलवर विसंबून असतो आणि तो बरोब्बर फसतो.

हिशोब करून बघा. समजा अ‍ॅडॉप्टर ०.१ मिमी पातळ, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढा. ५० ची लेन्स दोन मीटरला साधारण १.२८ मिमी पुढे येते, त्यातले ०.१ गेले की खरा फोकस पडतो २.१७ मीटरला. एफ २ ला दोन मीटरवर डेप्थ (जेवढं कडक दिसतं तेवढा पट्टा) पुढची-मागची धरून १९-२० सेंमी, म्हणजे मागे जेमतेम १०. फोकस १७ सेंमी मागे गेला. चेहरे गेले, भिंत आली. तुमचा फोटो अगदी हेच सांगतोय.

आता गंमत अशी की २४ वर हीच चूक कितीतरी मोठी आहे. २४ ची लेन्स अनंतापासून २.४ मीटरपर्यंत यायला पुढे सरकते किती, तर पाव मिमीच्या आसपास! त्यातले ०.१ गेले म्हणजे स्केलवर ५.८ मीटर लावाल तेव्हा खरं अनंत. स्केलवर २.४ म्हणाल तर फोकस ४ मीटरच्याही पुढे. तरी फोटो बरे आले कारण तुम्ही बहुतेक एफ ८ ला काढलेत, त्या डेप्थने सगळं पोटात घेतलं. एफ २.८ ला जवळचा माणूस काढून बघा, मग कळेल.

अंधारखोली

एवढं गणित कशाला, डोळ्याने बघा की. खालची प्लेट काढा, मागचा दरवाजा वर करा (रोल आत नको हे सांगायला नको, पण सांगतो, मी एकदा केलंय), शटर बी वर, लॉक होणारी केबल लावून उघडं ठेवा आणि जिथे फिल्म टेकते त्या आतल्या रुळांवर मॅट चिकटपट्टी ताणून लावा. झाली तुमची ग्राउंड ग्लास. लेन्स पूर्ण उघडी, कॅमेरा ट्रायपॉडवर, लांबच्या एखाद्या टॉवरकडे तोंड, आणि लूप (भिंग) पट्टीला टेकवून बघा. चित्र उलटं दिसेल. रिंग अनंताला टेकल्यावर टॉवर धूसर आणि थोडी मागे आणल्यावर कडक होत असेल तर अ‍ॅडॉप्टर पातळ. टेकूनही कडक होतच नसेल तर जाड. पट्टी ढिली राहिली तर सगळं चुकीचं दिसतं, ताणूनच लावा. आणि आत बोट घालू नका, केबल सुटली तर शटरचा पडदा बोटावर येईल, बोटाचं काही नाही हो, पडद्याची काळजी.

जुनारसिक

एक सुचवतो, लायकाचा जुना व्हिझोफ्लेक्स मिळतो, आरशाची पेटी, रेंजफाइंडरच्या पुढे लावली की एसएलआरच होतो. त्यावर निकॉनच्या लेन्स लावल्या तर फोकस दिसेलच की.

काचवेडा

दिसेल, पण फक्त जवळचं. व्हिझोफ्लेक्स २ आणि ३ ची पेटी ४० मिमीची, ती धरून लेन्सपासून फिल्मपर्यंत ६८.८ होतात. निकॉनच्या लेन्सला हवेत ४६.५. वर २२ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब लावल्यासारखंच झालं. फुलं-किडे काढायचे तर छान.

तिरपीफ्रेम

मी डिजिटल एम१० वर हे दोन वर्षं केलंय म्हणून लिहितो. लाइव्ह व्ह्यू असला की काम होतं, मोठं करून फोकस करा, कॅम-बिमची गरज नाही. एम८, एम९ ला लाइव्ह व्ह्यू नाही, ते एम टाइप २४० पासून आलं. फायदाही आहे एक, डीएसएलआरची वाइड लेन्स आरशाला जागा सोडायची म्हणून मागून लांब बनवलेली असते, त्यामुळे सेन्सरच्या कोपऱ्यात प्रकाश फार तिरपा पडत नाही, जुन्या रेंजफाइंडर वाइड लेन्ससारखे कोपरे जांभळे होत नाहीत.

पण खरं सांगू? वर व्ह्यूफाइंडर लावा, बटण दाबून मोठं करा, परत लहान करा, मग फोटो काढा, तोवर समोरचा माणूस चहा पिऊन आलेला असतो. त्यात लेन्स प्लस अ‍ॅडॉप्टर एवढं लांब होतं की खिडकीचा उजवा खालचा कोपरा लेन्सनेच झाकला जातो. एवढंच करायचं तर मिररलेस काय वाईट, मी शेवटी तेच केलं आणि एमवर परत एमचीच लेन्स लावली.

मिमीमास्तर

त्यांच्याकडे एम६ आहे, फिल्मवाला, कुठला लाइव्ह व्ह्यू! त्यांच्यासाठी माझं मत: २४ ठेवा, बाकी काढा. २४ ला एफ ८, २.४ मीटर, १.२ पासून अनंतापर्यंत सगळं आत (अ‍ॅडॉप्टर नीट असेल तर). मीटरही चालतो, प्रकाश लेन्समधूनच मोजतो ना, आणि एसएलआरवर हाताने अ‍ॅपर्चर मिटवलं की अंधार होतो तसा इथे होत नाही, खिडकी तितकीच लख्ख. ८५ एफ १.८ ला दोन मीटरवर डेप्थ ६ सेंमी, ती अंदाजाने लावणं म्हणजे डोळे मिटून सुईत दोरा. शिवाय डी लेन्स ऑटोफोकसच्या, त्यांच्या स्केलवर ३ मीटर ते अनंत नखाएवढ्या जागेत कोंबलेलं असतं. एआय-एसची रिंग लांब फिरते, तिच्यावर भरवसा ठेवता येतो.

काळीपांढरी

सगळ्यांचे आभार. काल रात्री अंधारखोलींची पट्टी लावून बसलो. तुमचं खरं ठरलं, २४ वर टॉवरचा लाल दिवा अनंताला टेकल्यावर भज्यासारखा फुगलेला, आणि रिंग पाच-सहा मीटरच्या मधे आणली की टाचणीचं टोक. अ‍ॅडॉप्टरच्या पुढच्या बाजूला चार स्क्रू आहेत, ती चकती उघडून खाली कागदाची रिंग कापून बसवली, आता अनंत अनंतावर आहे. ५० आणि ८५ परत कपाटात. जी लेन्सचं तर नावच नको.

अंधारखोली

कागद नको हो, कागद दबतो, दमटपणाने फुगतो. पितळी शिम शीट (पातळ पत्रा) मिळते ०.१ ची, कात्रीने कापली जाते. ती घाला. आणि चारही स्क्रू सारखे आवळा, एक जास्त आवळला तर लेन्स वाकडी बसून एक बाजू मऊ येईल.

काळीपांढरी

ओके, शिम शोधतो. आता एकच, एम६ मधे २४ ची फ्रेमलाइन (फोटोत किती येईल ते दाखवणारी खिडकीतली चौकट) नाही, सर्वात रुंद २८. वर वेगळा व्ह्यूफाइंडर लावू की खिडकीत दिसेल तेवढं सगळं २४ धरून चालू?

तिरपीफ्रेम

तुमचा फाइंडर ०.७२ मॅग्निफिकेशनचा असेल तर २८ च्या रेघांच्या बाहेर जे दिसतं ते साधारण धरून चालतं. चष्मा असेल तर तेवढंही दिसणार नाही, मग वेगळाच घ्या.

काळीपांढरी

चष्मा आहे.