पिव्होटमध्ये बेरजेऐवजी काउंट येतोय त्याबद्दल

एकानं विचारलंय की एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये (मोठ्या यादीचा गटवार गोषवारा देणारा तक्ता) क्विंटलची बेरीज यायच्या जागी नुसता काउंट, म्हणजे नोंदी किती तेवढाच आकडा, का येतो. मला पण लै दिवस हेच व्हायचं, मी लातूरच्या मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) आडतीचा हिशोब बघतो, आणि कारण एवढंच होतं की कॉलममध्ये कुणीतरी "१२ क्विं." असं टाईप केलेलं, मग एक्सेल त्याला आकडा धरतच नाही, टेक्स्ट धरतं. फाइंड-रिप्लेसनं "क्विं." आधीच्या स्पेससकट काढा, मग पिव्होटच्या व्हॅल्यू फील्ड सेटिंगमध्ये जाऊन काउंटच्या जागी सम (बेरीज) करा.

दुसरं म्हणजे नावं तपासा. आमच्याकडं "सोयाबीन" आणि "सोयाबिन" अशा दोन ओळी यायच्या, एका वेलांटीपायी माल दोन ठिकाणी वाटला जायचा.

डेटा आधी कंट्रोल टी दाबून टेबल करून ठेवा म्हणजे नव्या पावत्या आपोआप रेंजमध्ये येतात, रिफ्रेश मात्र करावंच लागतं. आणि बेरजेच्या आकड्यावर डबल क्लिक करून बघा, त्यामागच्या सगळ्या पावत्या नव्या शीटवर उघडतात, शेतकरी समोर बसलेला असताना ह्याचा फार आधार वाटतो.