पीकविम्याची केस चालू आहे, अण्णांना ऊसतोडीला जाता येईल का?

केजची_लेक:
नमस्कार. खरीप 2023 ला एक रुपयात पीकविमा होता. तेव्हा गावातला ऑनलाइन अर्ज भरणारा सेंटरवाला अण्णांना म्हणाला, "आधार, पासबुक अन् एक सही द्या, बाकी माझ्यावर सोडा. आले पैसे की अर्धे अर्धे." सही होती गायरानातल्या दोन हेक्टरच्या भाडेपट्ट्यावर. आमची स्वतःची जमीन सव्वा एकर. गायरानात अण्णांनी उभ्या जन्मात शेळ्यांशिवाय काही नेलेलं नाही. त्या साली पावसाचा खंड पडला, 25 टक्के अग्रिम (आगाऊ भरपाई) मंजूर झालं आणि खात्यावर 27 हजार आले. सेंटरवाला त्याच दिवशी अण्णांना गाडीवर बसवून बँकेत घेऊन गेला आणि निम्मे रोख घेऊन गेला. कागद ना चिठ्ठी.

आता फसवणुकीची अन् बनावट कागदाची कलमं, 420, 467, 468, 471 आणि 34 लागलंय. अंबाजोगाईला अटकपूर्व जामीन झाला, दोषारोपपत्र पण दाखल झालं. वसुलीची नोटीस मात्र पूर्ण 27 हजाराची. अण्णांना काहीच माहीत नव्हतं असं मी म्हणत नाही. सही कशावर करतोय ते कळत होतं त्यांना. शाळा सातवीपर्यंत झालीय.

खरी अडचण पुढंच आहे. आई-अण्णा दरसाल कोल्हापूरकडं तोडीला जातात. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून एक लाख उचल (आगाऊ पैसे) घेतलीय, त्यातली बरीच वकिलाच्या फीमध्ये गेली. दिवाळी झाली की गाडी निघणार आणि डिसेंबरात केजला तारीख. नाही आले तर वॉरंट निघेल म्हणतात. तिकडून यावं तर कोयता, म्हणजे दोघांचं काम बंद, मुकादम खाडा लावून पैसे कापणार, वर एसटीचं भाडं. जामीनदार चुलते आहेत. ऐपतीच्या दाखल्यासाठी तहसीलला हेलपाटे घातले त्यांनी, उपकार आहेत, पण आता पंगतीत बसलं तरी "माझा सातबारा कोर्टात अडकलाय" हे चालूच असतं.

पैसे भरून टाकले तर केस मिटते का? तारखांचं काय करावं? आणि मी अंबाजोगाईला पोलीस भरतीची तयारी करायलेय, माझ्या पडताळणीत ही केस येईल का? ग्राउंडवरच्या पोरी विचारायल्यात, अन् मला उत्तर येत नाही.

सोयाबीनवाला_माजलगाव:
ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण बोलणार. असल्या गायरानाच्या विम्यांमुळंच एक रुपयाची योजना गेली. 2025 च्या खरिपापासून दोन टक्के हप्ता भरायला लागलो आम्ही. आधी रान पाण्यात गेलं की तक्रार टाकायची सोय होती, ती पण काढली. त्या खरिपाला सगळं पीक कापणी प्रयोगावर आणलं. सप्टेंबरात माझं सोयाबीन गुडघाभर पाण्यात कुजलं, शेंगांना जागेवर कोंब फुटले. फोटो काढून ठेवलेत, दाखवू कुणाला? तुमच्या अण्णांचे 13 हजार मला किती रुपयाला पडले ते विचारा त्यांना.

काळाकोट_लातूर:
माजलगावकर, राग बरोबर आहे, पण पोरीने कायद्याचं विचारलंय.

पैसे भरल्याने केस मिटत नाही. 420 मध्ये ज्याची फसवणूक झाली त्याच्या संमतीने आणि कोर्टाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते. 467, बनावट दस्ताचं, तडजोडीला येत नाही. तरीही भरा. पुढे शिक्षेची वेळ आली तर त्याचा उपयोग होतो आणि वसुली थकली तर सातबाऱ्यावर बोजा चढण्याची भीती असते. मात्र "बचावाचा हक्क राखून रक्कम भरत आहे" असं लेखी द्या, पैसे खात्यातून भरा, पावती घ्या. कुणाच्या हातात रोख देऊ नका. एकदा देऊन बघितलंय तुम्ही.

निम्म्या पैशाचं सिद्ध करणं अवघड आहे, अशक्य नाही. बँकेचा उतारा काढा, रक्कम आली त्याच दिवशी काढल्याचं दिसेल. विमा अर्जाची प्रत दोषारोपपत्रात असेल, तीत कोणत्या सेंटरच्या आयडीवरून अर्ज भरला ते असतं. मोबाईल नंबर कुणाचा टाकलाय तेही बघा. माझ्याकडच्या अशाच एका केसमध्ये बऱ्याच शेतकऱ्यांच्या अर्जावर एकच नंबर निघाला, सेंटरवाल्याच्या मेव्हण्याचा.

तोडीला जाण्याआधी जामिनाचा आदेश शब्द न् शब्द वाचा. तालुका किंवा जिल्हा सोडू नये अशी अट असेल तर आधी ती शिथिल करून घ्या. मग वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज, जुन्या कायद्यात कलम 317, आता नागरिक सुरक्षा संहितेत 355. सोबत कारखान्याचं किंवा मुकादमाचं पत्र जोडा. दोषारोप निश्चितीला आणि शेवटी आरोपीच्या जबाबाला मात्र स्वतः यावं लागेल. न सांगता गैरहजर राहिले तर वॉरंट अण्णांवर निघेल आणि नोटीस चुलत्यांना जाईल. मग पंगतीतलं बोलणं परवडलं म्हणाल.

वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, उत्पन्नाच्या दाखल्यावर मोफत वकील मिळतो.

भरतीच्या फॉर्मवर तुझ्यावर गुन्हा आहे का हे विचारतात. वडिलांचा गुन्हा तुझा होत नाही. विचारलं नाही ते लिहू नकोस, विचारलं ते लपवू नकोस.

विहीरवाला_परभणी:
पोरी, माझ्यावर 2016 ला केस झाली. अनुदानाची विहीर कागदावर होती, रानात नव्हती. साक्षीदार येत नाहीत, साहेब बदलतात, तारीख पडते. चालू आहे अजून. सांगायचं हे की पहिली दोन वर्षं घर सांभाळा. सोसायटीत मला कुणी खुर्ची देईना, किराणावाल्याने उधारीची वही मिटली, बायकोने तीन संक्रांती कुणाला वाण दिलं नाही. कोर्टात मान खाली घालून उभं राहणं सोपं होतं. पुढं गावात दुसऱ्याचं प्रकरण निघालं अन् लोक तिकडं वळले. थोरल्या पोराचं लग्न जमवताना पाहुण्यांना मी आधीच सांगितलं. दोन स्थळं मोडली, तिसऱ्याने होकार दिला. लपवून जमवलं असतं तर हळदीच्या दिवशी कुणीतरी सांगितलंच असतं.

आणि पासबुक-आधारचे झेरॉक्स अण्णांच्या हातातून काढून घे. परत कुणीतरी येतंय.

केजची_लेक:
सगळ्यांचे आभार. माजलगावचे काका, तुमचं अण्णांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले.

बँकेचा उतारा काढला, तारीख जुळतीय. आमच्या जामिनात "परवानगीशिवाय जिल्हा सोडू नये" असं आहे. आधीच्या वकिलाने हे सांगितलंच नव्हतं, आणि गेल्या साली दोघं जाऊन पण आले! याचा आता त्रास होईल का? आणि मोबाईलवरून हजेरी लागते म्हणतात, ते खरंय का?

काळाकोट_लातूर:
गेल्या सालचं स्वतःहून उकरू नका, पण कोर्टाने विचारलं तर खोटं बोलायचं नाही. अट शिथिल करण्याचा अर्ज लगेच टाका, गाडी निघायच्या आत आदेश हातात पाहिजे. व्हीसीवर (व्हिडिओ कॉलवर) हजेरी कोर्टाने परवानगी दिली तरच, त्याचा अर्ज वेगळा. टोळीच्या तळावर रेंज येते का ते मात्र अण्णांना आधी विचार.