मदत हवी आहे: सूर्यबिंबाच्या व्यासातला फरक पुण्यातून कसा मोजावा?

पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्यापासून सुमारे 14.71 कोटी किमीवर असते, जुलैच्या सुरुवातीला 15.21 कोटींवर. म्हणजे बिंबाच्या व्यासात जेमतेम 3.4 टक्के फरक. लेकीच्या प्रकल्पासाठी तो मोजायचाय. आरशावर भोकाचा कागद चिकटवून पॅसेजमध्ये 10 मीटरवरच्या भिंतीवर बिंब पाडलं. आलं साधारण 9 सेंमी, पण कडा इतकी पुसट की 3 मिमीचा फरक त्यातच बुडतो. भोक बारीक केलं की उजेड पुरत नाही.

जुलैत पुण्यात ऊन मिळेल तर शपथ! म्हणून दुसरं मोजमाप मेअखेरीस घेणार. तेव्हा अंतर सुमारे 15.16 कोटी असतं.

दुर्बीण नाही. सोलर फिल्टरसह झूम कॅमेरा मिळेल. पाच महिन्यांच्या अंतराने झूम आणि फोकस तंतोतंत तेच आहेत, याची खात्री कशी करायची?