विडंबन, विटंबना आणि टँकरची आरती

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत गणपतीत पोरांनी टँकरवर गाणं म्हटलं. 'पाणीकर्ता तहानहर्ता वार्ता टँकरची, नुरवी पुरवी थेंब कृपा जयाची.' दुसऱ्या ओळीत फक्त प्रेमाचा थेंब केलाय बघा, बाकी ओळ मूळचीच, आणि नेमका तिथेच मंडप हसून लोळला. पण निवेदनवाल्या मुलीने आधी 'आता ऐकूया एक विटंबनगीत' असं वाचलेलं, त्यावर बी विंगचे काका उठले की बरोबर बोलली ती, ही आरतीची विटंबनाच आहे. तर हे दोन शब्द एकच का?

प्रतिसाद:
मूळ एकच आहे हो. संस्कृतात विडंबन म्हणजे नक्कल, आणि त्यातूनच थट्टा, फजिती. मराठीत त्यांची वाटणी झाली, पेपरात पुतळ्याची होते ती विटंबना आणि कवितेचं होतं ते विडंबन, पुतळ्याचं विडंबन झालं असं कोणी म्हणत नाही. म्हणजे काका अगदीच चुकले नाहीत, फक्त काही शतकं मागे राहिले :)

पण खरी गंमत पुढे आहे, थट्टा कोणाची चाललीय? अत्र्यांनी 'झेंडूची फुले'त (१९२५) रविकिरण मंडळाच्या कवींची लकबच पकडली, म्हणजे टोपी त्या कवींचीच उडवली. तुमच्या गाण्यात आरतीला कोणी हसत नाहीये, हसताय पाण्याला, आरती नुसती भाड्याने घेतलीय. आपण दोन्हीला विडंबनच म्हणतो. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्ये एका रॅप गाण्याच्या खटल्यात हाच फरक केला, मूळ गाण्यालाच चिमटा काढला तर ते पॅरडी आणि ते गाणं वापरून दुसऱ्याच कोणाला झोडपलं तर सटायर. मी तरी टँकरच्या गाण्याला उपहासगीत म्हणेन. आणि जुन्या नाट्यपदांवर 'चाल - अमुक' छापलेलं असतं ते यातलं काहीच नाही, ती उसनी चाल.

टिकतं का म्हणाल तर, विअर्ड अल यांकोविच हा अमेरिकन विडंबनगायक १९८४ ला 'ईट इट' (मायकल जॅक्सनच्या 'बीट इट'चं विडंबन) गात होता आणि २०१४ मध्ये त्याचा अल्बम पहिल्याच आठवड्यात बिलबोर्डच्या खपाच्या यादीत एक नंबरला आला. चाल कानात आधीच बसलेली असते, तुम्ही एक शब्द हलवायचा फक्त. उलट अत्र्यांचं बघा, मूळ कविता आज कितीजणांना येतात? तरी झेंडूची फुले वाचून हसू येतंच, कारण तसे कवी अजून आहेत (आमच्या ठाण्यात तर जरा जास्तच).

मूळ प्रश्नकर्ता:
काकांना वाचून दाखवलं. उपहासगीत चालेल म्हणाले, पण पुढच्या वर्षी आरती सोडून भावगीत घ्या. निवेदनवालीला विचारलं तर म्हणाली, मी विडंबनच टाईप केलेलं, मोबाईलने आपोआप बदललं.