एक्क्यांची जोडी येते आणि लूज टेबलवर हरते. काय करावं?

एडिसनकर: नमस्कार. मी न्यू जर्सीत असतो, इथे २०१३ पासून ऑनलाइन पोकर कायदेशीर आहे. ५-१० सेंटच्या टेबलवर १० डॉलर घेऊन बसतो. महिन्याला ५० च्या वर घालायचे नाहीत, असं घरी कबूल केलंय. अडचण अशी की टेबल लूज आहे, निम्मे लोक वाट्टेल ती पानं घेऊन कॉल करतात (समोरच्याने लावले तेवढे पैसे भरून खेळात राहतात). काल एक्क्यांची जोडी आली, २० सेंटला रेज केलं (रक्कम वाढवली), चौघे आले. फ्लॉप (टेबलवर उघडलेली पहिली तीन सामाईक पानं) ९-७-४. मी लावले, एक जण मुकाट कॉल. टर्नला (चौथ्या पानाला) दुरी आली आणि त्याने अचानक रेज केलं. मी सगळे आत ढकलले. त्याच्याकडे ७-४, म्हणजे दोन जोड्या! अशांसमोर चांगली पानं खेळायची कशी?

आकडेमोड: २० सेंट म्हणजे फक्त दोन ब्लाइंड (पानं बघण्याआधी भरायची सक्तीची रक्कम, इथे मोठी १० सेंट), तेवढ्यात सगळे येणारच. एक्क्यांची जोडी कुठल्याही एका हाताविरुद्ध सरासरी शंभरात ८५ वेळा जिंकते, चौघांविरुद्ध ५६. रेज तीन ब्लाइंडचं करा, वर लिंप केलेल्या (रेज न करता नुसता ब्लाइंड भरून आलेल्या) प्रत्येकामागे एक. दोघांनी लिंप केलं असेल तर ५० सेंट. लूज टेबलवर ६० करा, तरी कोणीतरी कॉल करतोच.

किलवर_दस्सी: ५-१० सेंटला कोणी पत्ते टाकतच (डाव सोडतच) नाही हो. १-२ डॉलरच्या टेबलवर जा, तिथे रेजला मान आहे. मी ४०० डॉलरने सुरुवात केली आणि आजवर मागे वळून पाहिलेलं नाही.

बदामराणी: त्यांनी महिन्याला ५० लिहिलंय, ते तरी वाचा. आणि ५६ ला रडायचं कशाला? पाच जणांच्या पॉटमध्ये (जमलेल्या रकमेत) तुमचे पैसे एक पंचमांश, जिंकता निम्म्याहून जास्त वेळा. मला तर पाच जण आलेलेच आवडतात.

आकडेमोड: हा हिशोब सगळे रिव्हरपर्यंत (शेवटच्या, पाचव्या पानापर्यंत) फुकट गेले तर. मधे लावावे लागतात, आणि तेव्हा हातात एकच जोडी असते.

मु_पो_पणजी: रेज मोठं करा, वर सांगितलंच आहे. मी मांडवीतल्या कॅसिनोत समोरासमोर खेळतो. माणसाचे हात दिसतात, चिपा कशा धरतो ते दिसतं. ऑनलाइनमध्ये काय कळणार?

दुपारचा_चहा: पण भारतात पैशांचं ऑनलाइन पोकर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंद झालंय ना?

बदामराणी: ते जर्सीत आहेत.

किलवर_दस्सी: गुलामांची जोडीसुद्धा मी एक्क्यांसारखीच खेळतो.

आकडेमोड: नका खेळू. राणीच्या जोडीवरसुद्धा दहात चारदा फ्लॉपला एक्का किंवा राजा येतो, गुलामांचं तर विचारूच नका. एक्का-राजा असेल तर फ्लॉपला तीनात एकदाच जोडी लागते. लागली नाही तर अशा टेबलवर ब्लफ करू नका, ते कॉल करणारच.

सांजवेळ: एडिसनकर, तुमचे पैसे प्रीफ्लॉपला (फ्लॉपच्या आधी) गेले नाहीत, टर्नला गेले. मुकाट कॉल करणारा माणूस टर्नला रेज करतो तेव्हा त्याच्याकडे दोन जोड्या किंवा त्याहून वरचं काहीतरी असतं. तिथे एक्के टाकायचे. मीही वर्षभर टाकू शकले नव्हते. राजांची जोडी धरून बसायचे आणि स्क्रीनकडे बघत राहायचे. टाकायला लागल्यावर फरक पडला. उरलेल्या वेळी मात्र चांगली पानं असतील तर दरवेळी लावा, चेक करून (पैसे न लावता) सापळे रचू नका.

मु_पो_पणजी: एक्के टाकायचे? मी आयुष्यात टाकले नाहीत.

एडिसनकर: सगळ्यांचे आभार. सांजवेळ, तुमचं पटलं, तो टर्न काल रात्री दहा वेळा आठवला. पण ठरवलंय की आता कॅश टेबल (थेट पैशांचं) नकोच. एक डॉलरच्या टुर्नामेंट खेळणार. हरलो तर एक डॉलर जाईल, आणि घरी दिलेला शब्द राहील.

किलवर_दस्सी: टुर्नामेंटमध्ये तर याहून लूज लोक असतात!