चढावर टर्बो फडफडतो, हाच सर्ज का? नवा टर्बो कसा निवडू?

राम राम मंडळी. मी अमळनेरचा. घरची एकच गाडी, सहा सिलिंडर, ५८८३ सीसी, इंटरकूलरवाली (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी). जुना टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा दाबणारा पंखा) तेल टाकायला लागला म्हणून दिवाळीनंतर बदलला. दुकानदार म्हणाला, "जिभाऊ, एक साइज मोठा घ्या, घाट खेळत चढेल." पैशात फार फरक नव्हता, हाव सुटली, घेतला.

सपाटीला गाडी झकास पळते. पण हजिऱ्याहून खत भरून येताना विसरवाडी सोडली, कोंडाईबारीचा चढ लागला आणि वरच्या गिअरात आरपीएम १४०० वर आला की फिल्टरच्या बाजूने आवाज सुरू होतो. पोत्यात कबूतर कोंडल्यासारखी फडफड. बूस्टचा, म्हणजे टर्बोने चढवलेल्या दाबाचा, काटा १.४ बारच्या आसपास थरथरतो. गिअर उतरवला की सगळं गप.

नाक्यावर तीन जणांनी तीन सल्ले दिले. एक म्हणतो ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब बाहेर सोडणारी झडप) लावा. दुसरा म्हणतो एक्झॉस्ट हाउसिंग (टर्बोचं धुराकडचं कवच) लहान बसवा. तिसरा म्हणतो, आवाजच आहे ना, चालवा. या टर्बोचा कॉम्प्रेसर मॅप (टर्बोची हवा दाबणारी बाजू किती दाबाला किती हवा देते त्याचा आलेख) मुलाने छापून आणलाय, पण त्या रेघा पाहून मला गावाचा सातबारा आठवतो. आते काय करू भो?

उत्तर १ (जळगावहून)

भाऊ, हा सर्जच. मोठा कॉम्प्रेसर हवा ढकलतो, पण १४०० वर इंजिनाला तेवढी गिळता येत नाही. पुढे दाब चढलेला आणि वाहणारी हवा थोडी, त्यामुळे हवा पात्यांवरून सुटते आणि क्षणभर उलटी फिरते. दाब उतरतो, पुन्हा पुढे जाते, पुन्हा उलटी. सेकंदात हे कितीतरी वेळा होतं, तीच तुमची फडफड. प्रत्येक झटक्याला शाफ्ट (पात्यांचा दांडा) मागेपुढे आपटतो आणि त्याला मागेपुढे सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग मार खातं. तिसऱ्याचं ऐकू नका.

मॅप असा वाचा. आडवं मिनिटाला किती पौंड हवा, उभं प्रेशर रेशो (बाहेर पडणारा दाब आत येणाऱ्याच्या किती पट), डावीकडची तिरकी कड म्हणजे सर्ज लाइन, तिच्या डावीकडे गेलात की सर्ज. बूस्ट १.४ बार, त्यात बाहेरचा १ बार मिळवा, रेशो झाला २.४. आता हवा. दोन फेऱ्यांत इंजिन एकदा ५.८८ लिटर ओढतं, १४०० ला मिनिटाचे साधारण ४१०० लिटर. सिलिंडर ९० टक्के भरतो धरा, ३७०० लिटर. इंटरकूलरनंतर ६० अंशांची, २.४ बार दाबाची हवा घनमीटरला अंदाजे अडीच किलो. म्हणजे सव्वानऊ किलो, वीस पौंडांच्या थोडं वर. २४०० आरपीएमला तोच हिशोब ३५ पौंडांवर जातो. दोन्ही ठिपके मॅपवर टाका. माझी पैज, पहिला रेघेच्या डावीकडे किंवा अगदी कडेवर पडेल.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह पेट्रोल गाडीत थ्रॉटल फटकन मिटल्यावर कामाला येतो. तुम्ही तर पाय पूर्ण दाबून चढताय, तो उघडणारच नाही. आणि एक्झॉस्ट हाउसिंग लहान केलं तर कमी आरपीएमलाच बूस्ट चढेल, म्हणजे ठिपका रेघेच्या आणखी जवळ. दुखण्यावर मीठ.

उत्तर २

आधी एअर फिल्टर काढून बघा. कपाशीच्या हंगामात आपल्याकडे तो रुईने तुंबतो. टर्बोच्या तोंडाशी दाब १ बारवरून ०.९५ वर आला तर २.४ चा रेशो २.५ होतो, म्हणजे ठिपका रेघेच्या आणखी जवळ. फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा होज आत चेपतोय का तेही पाहा.

धागाकर्ता

दादा, पेन्सिल घेऊन बसलो. रेशो २.४ ला सर्ज लाइन २२ पौंडांवर आहे, माझा ठिपका डावीकडे. फिल्टर खरंच भरलेला होता. बदलल्यावर फडफड कमी झाली, गेली नाही. शाफ्ट हाताने हलवला तर आडवा ठीक, पण मागेपुढे जरासा हलतोय.

उत्तर १

मागेपुढचा खेळ (ढिलेपणा) मिस्तरीकडून डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं काट्याचं माप) लावून मोजून घ्या, कंपनीच्या मापाशी ताडून बघा. तोवर चढावर १६०० च्या खाली येऊ देऊ नका, आधीच गिअर टाका. नवा घेताना मूळ साइज मागा. मोठाच हवा असेल तर कॉम्प्रेसरच्या तोंडात आतून गोल खाच असलेला बघा, त्याने सर्ज लाइन डावीकडे सरकते. पण मॅप हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

धागाकर्ता

मूळ साइजच घेतो. मोठा परत घ्यायला दुकानदार तयार नाही, म्हणतो "वापरलेला माल." कुणाला मोठ्या इंजिनासाठी हवा असेल तर सांगा, पण शाफ्टचा खेळ मोजून झाल्यावरच देईन.