विषय: वायगाव हळद आणि कुरडया, जहाजानं की विमानानं?

प्रेषक: खजिनदार, मंडळ (इंग्लंड)

नमस्कार दादा,
संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा वाण म्हणून वायगाव हळदीची पाकिटं द्यावी असं कमिटीत चाललंय. तुमच्या बचत गटाची ३०० किलो हळद, ४० किलो कुरडया आणि ६० किलो भिवापुरी तिखट असं धरलंय, वाणातून उरेल ते स्टॉलवर विकू. माल विमानानं मागवावा की जहाजानं? इथे कोणी म्हणतं जहाज एकदम स्वस्त, कोणी म्हणतं जहाजाच्या नादी लागू नका, माल होळीला मिळेल. जरा नीट समजावून सांगाल का?

प्रेषक: समुद्रपूर तालुका, जि. वर्धा

ताई, नमस्कार जी.
ऑर्डरचं ऐकून गटातल्या बाया लय खूश आहेत, त्यामुळे माल तुमच्यापर्यंत धड पोचावा ही मलाच जास्त काळजी.

भाडं कसं लागते ते आधी पाहा. विमानवाले वजन पाहतात आणि जागाही पाहतात, दोन्हीत जे जास्त निघेल त्याचे पैसे घेतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६००० नं भागायची, ते झालं जागेचं वजन. आमचं हळदीचं खोकं ४० बाय ३० बाय ३० चं, जागेचं वजन ६ किलो, पण काट्यावर खोक्यासकट १९ किलो, म्हणजे पैसे १९ चे. कुरडईचं खोकं ६० बाय ४० बाय ४० चं, आत माल ६च किलो कारण दाबून भरल्या तर चुरा होते, खोक्यासकट ७ किलो, पण जागेचं वजन १६ किलो. म्हणजे हवेचंच भाडं भरून राहिलो आपण.

जहाजात आपला माल दुसऱ्यांच्या मालासोबत एका कंटेनरमध्ये जाते, त्याला एलसीएल म्हणतात. तिथे एक टन किंवा एक घनमीटर, जे जास्त भरेल ते. हळद कितीही जड असली तरी घनमीटरमागे टनाच्या निम्मीच भरते, म्हणून तिथे पैसे जागेचे लागतात आणि जड मालाले जहाज परवडते. हळदीची १७ खोकी अन् कुरडईची ७, मिळून सव्वा घनमीटरच्या वर थोडं, खाली ठेवायची लाकडी चौकट (पॅलेट) धरून दोनच्या आत. पण सहसा एका घनमीटरच्या खाली भाडं धरत नाहीत, आणि तिकडे उतरल्यावर टर्मिनलचे चार्ज, कंटेनर रिकामा करायचे पैसे, माल सोडवायच्या कागदाचे (डिलिव्हरी ऑर्डर) पैसे असं बरंच निघते. इथला समुद्राचा रेट स्वस्त दिसते आणि खरी रक्कम तिकडे कळते, म्हणून फॉरवर्डरकडून, म्हणजे माल पाठवून देणाऱ्या एजंटकडून, तुमच्या दारापर्यंतचा लेखी रेट घ्यायचा, तोही दोघा-तिघांकडून.

आता वेळ. आमच्या गावातून जाम चौरस्ता, बुटीबोरी, नागपूर, तिथून मुंबईजवळचं न्हावा शेवा बंदर. पूर्ण कंटेनर असता तर नागपूरच्या मिहानमधल्या कंटेनर डेपोतून रेल्वेनं गेला असता, आपला थोडा माल बहुतेक ट्रकनं जाईल आणि तिथे कंटेनर भरेपर्यंत थांबेल. त्यात २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून बऱ्याच जहाज कंपन्या सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागल्या, त्या वाटेनं गेलं की दीड-दोन आठवडे वाढतात. पुन्हा नाताळात तुमच्याकडची गोदामं बंद. तेव्हा सगळं मिळून दोन-अडीच महिने धरून चाला, म्हणजे १४ जानेवारीसाठी माल दिवाळीच्या आधी इथून निघालाच पाहिजे, दिवाळीत ना ड्रायव्हर मिळत ना एजंट.

कुरडया घरच्या डब्यात वर्षभर राहतात, त्यामुळे जहाजाचे दिवस त्यांना काही करत नाहीत, ओल करते. कंटेनर दिवसा तापते, रात्री गार होते, आणि छताला आतून पाणी सुटून टपटप मालावर पडते. म्हणून आम्ही आत जाड प्लास्टिकची सीलबंद पिशवी, सिलिका जेलच्या पुड्या, मग खोकं असं करतो, हळद खाली अन् कुरडया वर. लाकडी पॅलेट उष्णता दिलेलं, आयएसपीएम १५ चा (लाकडातल्या किडीसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का असलेलंच घेतो, नाही तर तिकडे अडवतात. हळदीलाही ओल वाईट, बुरशी आली की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष, आणि त्याची तुमच्याकडची मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम. म्हणून हळकुंडं शिजवून कडक वाळल्याशिवाय आम्ही दळतच नाही, लॅबचा रिपोर्टही सोबत देऊ.

तिखट मात्र या खेपेत नको. भारतातल्या मिरचीवर तिकडे जास्तीची तपासणी असते, एका तिखटापायी अख्खा माल अडकला तर संक्रांत गेली. आयईसी (आयात-निर्यातीचा कोड), फूड लायसन्स आणि स्पाइसेस बोर्डाचं रजिस्ट्रेशन आमच्याकडे आहे, त्याची चिंता नको.

दिवाळीआधी पक्कं करत असाल तर डोळे मिटून जहाज.

प्रेषक: मंडळ सदस्य (मूळचा अमरावतीचा)

दादा, अडचण अशी की मीटिंगच दिवाळीनंतर आहे, त्याआधी पैसे मंजूर होत नाहीत. मग जहाज गेलं ना हातचं? निदान कुरडया तरी कुरियरनं टाकून द्या, हळद नंतर येऊ द्या निवांत.

प्रेषक: समुद्रपूर तालुका, जि. वर्धा

भाऊ, एकट्या कुरडया नका मागवू. कुरियरवाले बहुतेक ५००० नं भागतात, तिथे तेच खोकं १९ किलोच्या वर जाते, एअर कार्गोनंही ७ खोक्यांचे ११२ किलो लागतील आणि खाणार तुम्ही ४०. त्यापेक्षा त्याच एअरवे बिलावर (विमानानं माल पाठवायच्या कागदावर) हळदीची ५ खोकी जोडू. कार्गोत हिशोब सगळ्या खोक्यांचा मिळून होते, काट्यावर भरते १४४ किलो अन् जागेचं वजन १४२, म्हणजे ९० किलो हळद फक्त ३२ किलोच्या जास्तीच्या भाड्यात येते. कुरडईची रिकामी जागा हळदीच्या वजनानं भरून निघाली, कोणाचं नुकसान नाही. फक्त ही खोकी वेगवेगळ्या बिलांवर फोडू नका म्हणून एजंटला बजावून सांगा.

वाणाला ९० किलो पुष्कळ झाली, १०० ग्रॅमची ९०० पाकिटं होतात. बाकी हळद आता मागवूच नका. १२ खोकी घनमीटरच्या निम्मीही भरत नाहीत, भाडं पूर्ण घनमीटरचं आणि तिकडचे चार्ज वेगळे. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चात नवी हळद निघते, ती तयार झाली की उरलेली ऑर्डर वाढवून, तिखटाची तपासणी नीट विचारून, एकाच खेपेत जहाजानं घ्या. ताजा मालही मिळेल.

मीटिंग झाली की दोन गोष्टी लगेच कळवा, मंडळाचा ईओआरआय नंबर (तिकडच्या कस्टम्सचा आयातदार नंबर) अन् माल उतरवायचा पत्ता. पाकिटावर इंग्रजीत काय-काय छापायचं तेही तिकडच्या एजंटला विचारून पाठवा, छपाईले इथे हिंगणघाटला आठवडा लागते.